सॉकेटमधल्या चार पिना

माझे सासरे हेमचंद्र यांनी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये ते टेक्निशियन होते. निवृत्त झाल्यावरही गल्लीतले लोक बिघडलेला मिक्सर, इस्त्री, जुना रेडिओ असं काही ना काही त्यांच्याकडे घेऊन यायचे, आणि ते दुरुस्त करून, पुसून परत द्यायचे. गेल्या नोव्हेंबरात सासूबाई गेल्या. जानेवारीत माझा नवरा राजीव जाऊन त्यांना आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला घेऊन आला, सहा महिन्यांसाठी.

पहिले तीन आठवडे ते खिडकीशी बसून असत. आमच्या रस्त्यावरून दिवसाला चार गाड्या आणि एखादा कुत्रा फिरवणारा माणूस जातो, तेवढंच बघायला. मी ऑफिसला जाताना त्यांचा डबा टेबलावर ठेवून जायची, संध्याकाळी आले की डबा धुऊन पालथा घातलेला असायचा. "बाबा, कंटाळा येतो का?" असं विचारलं की म्हणायचे, "नाही, कंटाळा कसला."

माझ्या मुलीशी, अंतराशी, त्यांचं बोलणं होत नव्हतं. ती सोळा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. बाबांनी आयुष्यभर इंग्रजी मॅन्युअल्स वाचली, पण इथल्या लोकांच्या तोंडचं इंग्रजी त्यांना पकडता येत नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि आपापल्या खोलीत जायचे.

फेब्रुवारीत अंतराची टॉवर केस आली, म्हणजे कॉम्प्युटरचे भाग बसवायची पेटी. तिला अ‍ॅनिमेशनचं वेड आहे, आणि तिच्या लॅपटॉपला ते झेपत नव्हतं. एकेक सुटा भाग मागवून स्वतः डेस्कटॉप बांधायचा असं तिनं ठरवलं होतं. केसचा खोका एवढा मोठा होता की तिनं तो दारातून ढकलत आत आणला. आतून काळी, एका बाजूला काच असलेली उंच पेटी निघाली. बाबा खुर्चीवरून उठून आले. त्यांनी पेटीभोवती फेरी मारली आणि काचेतून आत पाहिलं.

"आत काय आहे यात?"

"नथिंग येट, आबा. इट्स एम्प्टी. आय हॅव टु पुट एव्हरीथिंग इन."

हे मात्र त्यांना कळलं. "मग पुस्तक आण त्याचं," ते म्हणाले.

दोन दिवस त्यांनी मदरबोर्डचं मॅन्युअल भिंग लावून वाचलं, पेन्सिलीनं रेघा मारत. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बाबा मराठीत बोलत होते, ती इंग्रजीत, आणि तरी कुणाचं काही अडत नव्हतं. "आधी लोखंडाला हात लाव. अंगातली वीज उतरव. मग बोर्डाला शिवायचं," ते सांगत होते आणि ती दर वेळी इमानदारीनं केसच्या पत्र्याला बोट लावत होती. मी दाराशीच थांबले. आमच्या घरात इतक्या दिवसांत मी त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकलाच नव्हता.

त्यांचा उजवा हात थोडा थरथरायचा. कप उचलताना बशी वाजायची. पण स्क्रू ड्रायव्हर धरला आणि मनगट टेबलाला टेकलं की हात स्थिर व्हायचा. हे मी पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

शनिवारी चार वाजता आमच्या घरी महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाची मीटिंग होती. आठ-दहा जण येणार, म्हणजे टेबल रिकामं हवं. मी बाराला अंतराला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, आय हॅव प्रॅक्टिस. आय विल मूव्ह इट व्हेन आय गेट बॅक. प्लीज, तू काही टच करू नको. द सॉकेट इज ओपन."

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची चौकोनी जागा, जिथे प्रोसेसर बसतो. तिच्यात केसाएवढ्या बारीक शेकडो पिना असतात. आदल्या संध्याकाळी बाबांना त्या भिंगातून पाहायच्या होत्या म्हणून अंतरानं वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं होतं आणि नंतर नुसतंच वर ठेवलं होतं.

ती व्हॉलीबॉलला गेली. बाबा जेवून आडवे झाले. राजीव सामान आणायला गेला होता. अडीच वाजले, पावणेतीन वाजले, अंतराचा पत्ता नाही. माझी चिडचिड व्हायला लागली. खुर्च्या लावायच्या होत्या, साबुदाणा वडे तळायचे होते. एका पातळ बोर्डाला काय होतंय, असं म्हणून मी तो दोन्ही हातांनी उचलला.

माझी ओढणी खांद्यावरून घसरून बोर्डावर पडली. झाकण बाजूला सरकलं. मी बोर्ड परत टेबलावर ठेवला आणि ओढणी ओढली, तर तिच्या टोकाचा एक गोंडा कुठेतरी अडकला होता. मी पुन्हा ओढली, जरा जोरात. गोंडा सुटला.

वाकून पाहिलं तर एका कोपऱ्यातल्या दोन पिना बाकीच्यांसारख्या उभ्या नव्हत्या. वाऱ्यानं गवत कलावं तशा कलल्या होत्या. मी शिवणाच्या डब्यातून सुई आणली. एक पिन जराशी सरळ झाल्यासारखी वाटली, पण सुई बाहेर काढताना शेजारच्या दोघींना लागली. दोनाच्या चार झाल्या. तेवढ्यात फोन वाजला. मंडळाच्या मालिनीताई विचारत होत्या, "दीपा, मी निघाले. येताना घडीच्या खुर्च्या आणू का?"

"आणा ना," मी म्हटलं. फोन ठेवला, झाकण जागेवर बसवलं, बोर्ड राजीवच्या स्टडीत नेऊन ठेवला आणि वडे तळायला लागले.

अंतरा साडेतीनला आली. "यू मूव्ड इट?"

"हो. हळूच नेऊन ठेवलंय," मी म्हणाले.

मी एका औषधं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीमध्ये काम करते. काही चुकलं की कुणाकडून चुकलं, केव्हा चुकलं, ते लिहून खाली सही करायची, हे माझं काम. दर महिन्याला नवीन येणाऱ्या लोकांना मी स्वतः सांगते, की इथे चूक केल्याबद्दल कुणी रागावणार नाही, पण लपवलीत तर घरी जावं लागेल. पंधरा वर्षं सांगते आहे. त्या दिवशी वडे तळताना हे मला आठवलं नाही असं नाही. मला वाटलं, शेकडो पिना आहेत, चारांनी काय बिघडतंय. कदाचित चालेलही.

संध्याकाळी सहाला सगळे गेले आणि अंतरा-बाबांनी पुन्हा टेबलावर बोर्ड मांडला. प्रोसेसर छोट्या पारदर्शक डबीत होता. अंतरानं डबी उघडली आणि बाबांसमोर धरली.

"आबा, यू डू इट."

"मी? नको नको. तुझं आहे, तू बसव."

"नो, यू आर द एक्स्पर्ट. प्लीज."

ते उठून हात धुऊन आले. पुसले. केसच्या पत्र्याला बोट लावलं. मी ओट्याशी उभी होते, दहा पावलांवर. त्यांनी प्रोसेसर दोन बोटांत कडेनं धरला. हात थरथरला, त्यांनी मनगट टेकवलं, श्वास रोखला आणि खाली ठेवला. तो एका बाजूनं किंचित तिरका बसला, मग त्यांनी बोटानं अलगद सारखा केला. अंतरानं सॉकेटची दांडी खाली दाबून अडकवली आणि टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मी "थांबा" म्हणू शकले असते. सगळं तिथेच मिटलं असतं, फार तर अंतरा माझ्यावर ओरडली असती. मी नळ सोडला आणि कढई घासायला घेतली.

रविवारी दुपारपर्यंत सगळं केसमध्ये बसलं. पॉवर सप्लाय, पंखे, ग्राफिक्स कार्ड. वायर्स बाबांनी एक्स्चेंजमधल्या पद्धतीनं जुड्या बांधून मागच्या बाजूनं नेल्या होत्या. राजीव फोनवर व्हिडिओ काढायला उभा राहिला. अंतरानं बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळे दिवे लागले, पण पडदा काळाच राहिला. बोर्डाच्या कडेला एक लाल दिवा पेटून राहिला.

तीन तास त्यांनी सगळं केलं. मेमरी काढून घातली, केबल बदलली, मॅन्युअलची पानं उलटली. शेवटी अंतरानं प्रोसेसर बाहेर काढला, फोननं सॉकेटचा फोटो घेतला आणि मोठा करून पाहिला. तिनं फोन टेबलावर ठेवला. बाबांनी तो उचलून चष्म्याजवळ नेला.

"चार पिना," ते म्हणाले. "वाकल्यात." मग थोड्या वेळानं, "तिरका बसला होता तो. माझ्याच हातून झालं."

"इट्स ओके, आबा."

"ओके नाही, बेटा. सॉरी."

अंतरा हसायचा प्रयत्न करून वर गेली. तिच्या खोलीचं दार लागलं. आणि मी, हे सांगताना आजही मान वर होत नाही, मी बाबांच्या शेजारी बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका, बाबा. होतं असं. मुद्दाम का कुणी करतं?"

"तू म्हणतेस ते खरं," ते म्हणाले. "पण मला कळायला हवं होतं. हाताचा भरवसा राहिला नाही, तर कशाला पुढे पुढे करायचं?"

रात्रीची भांडी लावताना राजीव मला हळू आवाजात म्हणाला, "त्यांच्या हातात द्यायलाच नको होतं यार. हात बघतेस ना त्यांचे?" वळून पाहिलं तर बाबा पाण्याचा ग्लास ठेवायला आले होते. त्यांनी ग्लास ठेवला आणि गेले. तेव्हाही मी बोलले नाही. जितका वेळ जाईल तितकं सांगणं अवघड होत जातं, हे मला ठाऊक होतं, आणि मी वेळ जाऊ देत होते.

त्यानंतर ते बदलले. सकाळचा चहा ते स्वतः करायचे, तो बंद केला. कप अर्धाच भरून मागायला लागले. दाढी करायची सोडली. एक दिवस शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, मी सांगितलं तर म्हणाले, "राहू दे, लागत नाही ते." टॉवर केस जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात काच भिंतीकडे करून उभी होती. काच भिंतीकडे कुणी फिरवली, मी विचारलं नाही. अंतरा नवा बोर्ड कधी मागवायचा हा विषयच काढत नव्हती, त्यांना लागेल म्हणून.

मंडळाच्या जेवणात मालिनीताईंनी त्यांच्या हातातून ताट घेतलं. "काका, तुम्ही बसा, मी आणते वाढून." राजीवनं त्यांच्या घरी सांगितलं असणार. बाबांनी ताट सोडलं आणि मुकाट्यानं जाऊन बसले.

एकदा ते फोनवर अकोल्याच्या शेजाऱ्यांशी बोलत होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. "किल्ली तुमच्याकडे आहेच," ते सांगत होते. "माझी टूलकिट आणि सोल्डरिंगचं सामान कुणा शिकणाऱ्या पोराला देऊन टाका. नाही, नाही, मला आता नको. बंद केलं मी ते." नंतर संध्याकाळी राजीवला म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."

राजीव घाबरला. त्यानं न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. मार्चमधला मंगळवार होता. पाइनचे पराग पडायचे दिवस, सगळ्या गाड्यांवर पिवळी पूड. राजीवला ऐन वेळी ऑफिसातून बोलावणं आलं, म्हणून बाबांना घेऊन मी गेले.

डॉक्टर पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. दुभाष्या हवा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी आहे ना, मी भाषांतर करेन. त्यांनी बाबांना कागदावर गोल गोल चक्र काढायला सांगितलं, एका कपातून दुसऱ्यात पाणी ओतायला लावलं, हात पुढे धरायला लावले. मग विचारलं, की या थरथरीमुळे रोजच्या कामात काही अडतं का, काही पडतं, मोडतं का? मी ते मराठीत सांगितलं.

बाबा सरळ बसले. एखाद्या साहेबासमोर कबुली द्यावी तसं म्हणाले, "सांग त्यांना. माझ्या हातून नातीचा कॉम्प्युटर मोडला. नवा होता. तिनं विश्वासानं मला दिला होता."

मी डॉक्टरांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "ही सेज ही ब्रोक हिज ग्रँडडॉटर्स कॉम्प्युटर."

डॉक्टर टाइप करायला लागल्या. पडद्याचा कोपरा मला दिसत होता, आणि मी उच्चारलेलं वाक्य तिथे उमटत होतं. त्या बोलत होत्या, की थरथर सौम्य आहे, या वयात पुष्कळांना होते, पार्किन्सन्सची लक्षणं दिसत नाहीत. पण बारीक कामात एवढं नुकसान होत असेल तर औषध सुरू करावं असं त्यांना वाटत होतं. औषधानं चक्कर येऊ शकते, नाडी मंद होते, उभं राहताना सांभाळावं लागेल. "व्हॉट डू यू थिंक?" त्यांनी मला विचारलं.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय सांगते याची वाट बघत. मी सांगेन ते ते खरं मानणार होते. माझ्या एका खोट्यापायी त्यांना रोज एक गोळी गिळावी लागणार होती.

मी म्हणाले, "दॅट इज नॉट करेक्ट. व्हॉट आय टोल्ड यू. द कॉम्प्युटर वॉज ऑलरेडी डॅमेज्ड." डॉक्टरांची बोटं थांबली. "बाय समबडी एल्स," मी म्हटलं. आणि मग, कारण त्या अजून बघत होत्या, "बाय मी."

 "थँक यू. दॅट चेंजेस थिंग्ज," एवढंच म्हणून त्यांनी ते वाक्य खोडलं. औषध नको, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असं ठरलं.

इंग्रजीत ते पटकन निघून गेलं होतं. पण बाबांनी माझ्या बाहीला हात लावला. "काय म्हणालीस त्यांना? चेहरा का उतरला तुझा?"

तेच मराठीत सांगायचं होतं. त्यांच्याच तोंडचं "माझ्या हातून झालं" हे मला सुचत होतं, आणि तेही मला मऊ वाटलं, जणू हातच दोषी. मी म्हटलं, "बाबा, पिना मी वाकवल्या. तुम्ही प्रोसेसर बसवायच्या आधी. शनिवारी दुपारी, बोर्ड उचलताना ओढणी अडकली आणि मी ओढली. मग सुईनं सरळ करायला गेले, तर आणखी वाकल्या. मला माहीत होतं. तुम्ही बसवत होतात तेव्हा मला माहीत होतं."

 डॉक्टर हळूच बाहेर गेल्या. भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं, त्याच्याकडे ते बघत राहिले.

"सुई कुठली?" त्यांनी विचारलं.

"शिवणाची."

"जाड पडते ती," ते म्हणाले आणि उठले.

गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते.  घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "अंतराला तू सांगायचं. आजच. मी सांगणार नाही."

ती शाळेतून आली तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. सगळं सांगितलं. ती उभीच होती, पाठीवर दप्तर तसंच.

"ही सेड सॉरी टु मी," ती म्हणाली. "आई, ही अपॉलोजाइज्ड. अँड यू वेअर राइट देअर."

"हो."

"मी आबांना स्क्रू ड्रायव्हर द्यायचं बंद केलं. यू नो दॅट? लास्ट वीक ही वॉन्टेड टु फिक्स माय लॅम्प अँड आय सेड नो, आय गॉट इट." तिनं दप्तर खाली टाकलं. "आय डिड दॅट टु हिम. बिकॉज ऑफ यू."

ती वर गेली नाही. आबांच्या खोलीत गेली. आतून तिचं रडणं आणि त्यांचं काहीतरी हळूहळू बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मी टेबलावरच बसून राहिले. राजीव आल्यावर त्यालाही सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण तो फक्त म्हणाला, "भांडी लावताना मी बोललो ते त्यांनी ऐकलं होतं ना?" मी मान हलवली. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मालिनीताईंना मी स्वतः फोन करून सांगितलं. त्या आधी हसल्या, मग "असं होय," म्हणाल्या, आणि लगेच पाडव्याच्या सामानाविषयी बोलू लागल्या. माझी शरम माझ्यापुरती असेल असं मला वाटलं होतं, पण ज्याला ज्याला सांगितलं त्याच्याही वाट्याला ती थोडी थोडी आली.

अंतरा नऊ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मी नवा बोर्ड मागवला. तो आला त्या रविवारी सकाळी तिनं केसची काच पुन्हा खोलीकडे फिरवली आणि टेबलावर चादर अंथरली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी ओट्याशी भाजी निवडत होते.

"आबा, रेडी?" तिनं प्रोसेसरची डबी पुढे केली.

बाबांनी डबीकडे पाहिलं. हात धुतलेले होते, पत्र्याला बोटही लावून झालं होतं. मग त्यांनी डबी तिच्याकडे सरकवली. "तू बसव."

"आबा, इट वॉझन्ट यू. इट वॉज नेव्हर यू."

"माहीत आहे मला. तरी तूच बसव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. तिनं प्रोसेसर बसवला. मग केसच्या समोरच्या बटणाच्या बारीक वायर्स बोर्डाला जोडायची वेळ आली. वायरींच्या टोकाला तांदळाएवढ्या टोप्या, त्या बोर्डावरच्या त्याहून बारीक खिळ्यांवर बसवायच्या. तिच्या बोटांना ते जमेना. बाबांनी खुर्ची पुढे घेतली, मनगट केसच्या कडेला टेकवलं आणि एकेक टोपी बसवायला लागले. दोनदा टोपी निसटली. कुणी "मी करू का" म्हटलं नाही. वीस मिनिटं लागली. सगळं झाल्यावर अंतरानं बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ती त्यांच्या गळ्यात पडली.

ती आत प्रोग्रॅम्स घालत बसली, आणि बाबा पाणी प्यायला ओट्याशी आले. त्यांनी आपला ग्लास स्वतः भरला, काठोकाठ नाही, पण अर्ध्याहून बराच वर. माझ्या समोरच्या स्टुलावर बसले.

"दीपा, तुला एक सांगतो," ते म्हणाले. "त्या दिवसापासून मी मनाशी मान्य केलं होतं, की आपलं संपलं. रात्री झोप यायची नाही, पण मान्य केलं. सोपं नव्हतं ते. आता तू सांगतेस की तसं नव्हतं. बरं वाटलं, नाही असं नाही. पण एकदा मान्य केलेलं पुन्हा अमान्य करायला वेळ लागतो. या वयात जास्तच लागतो."

"माझं फार चुकलं, बाबा," मी म्हटलं.

ते "जाऊ दे" म्हणतील असं मला वाटलं होतं. आमच्याकडे मोठी माणसं तसंच म्हणतात, आणि मी त्याचीच वाट बघत होते, हेही मला त्याच क्षणी कळलं.

"हो," ते म्हणाले. "चुकलं."

मग त्यांनी माझ्यासमोरच्या मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढली आणि पानं खुडायला लागले. पानं खुडताना हात थरथरत होता. मी दुसरी जुडी घेतली. आत अंतरा कुणाला तरी फोनवर सांगत होती, की आबांनी केलं, सगळं वायरिंग आबांनी केलं.